बायकांची शीर

आपल्या दुखण्याचे वर्णन उस्ताज फिक्री मोजक्या शब्दांत करी. कमरेच्या खालच्या टोकाला उगम, डाव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागच्या बाजूने उतार, पोटरीच्या बाहेरच्या कडेने पुढे आणि पायाच्या करंगळीत शेवट. दमयात शहरातल्या सरकारी शाळेत तो पदार्थविज्ञान शिकवत असे, म्हणून तो उस्ताज, म्हणजे गुरुजी होता; आणि निरीक्षण नेमके नोंदवले की अर्धे कारण हाती लागते, हे त्याचे मुलांना ठरलेले सांगणे होते. त्याची बायको रावया वैतागून म्हणे, "नुसतं 'खूप दुखतंय' म्हण ना. नकाशा कशाला काढतोस?"

दुखण्याच्या सुरुवातीत सांगण्यासारखे काही नव्हते. हिवाळ्यातल्या एका सकाळी तो बुटाची नाडी बांधायला वाकला आणि त्याच वेळी शिंकला. वाकलेल्या कण्याच्या तळाशी किती भार येतो याचे गणित तो तरफांच्या धड्यात दरवर्षी फळ्यावर सोडवून दाखवी. त्या गणिताचा आपल्याला काडीचा उपयोग झाला नाही, याची त्याने जमिनीवर पडल्यापडल्याच नोंद घेतली. एमआरआयमध्ये निघाले ते असे: कमरेच्या शेवटच्या मणक्याखालची गादी मागच्या बाजूला फुगून आली होती आणि डाव्या पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूवर टेकली होती.

पण दमयातमध्ये या दुखण्याला गादीचे नाव नाही, शिरेचे आहे. इर्क-उन-नसा. अरबीत इर्क म्हणजे शीर, आणि नसा हे त्याच शिरेला जुन्या हकिमांनी दिलेले नाव. मात्र बोलताना जीभ किंचित सैल सुटली की 'नसा'चे 'निसा' होते, आणि निसा म्हणजे बायका. गल्लीत जीभ सगळ्यांचीच सैल सुटे. त्यामुळे फिक्रीच्या पायात जे काही दुखत होते ती सर्वांच्या मते बायकांची शीर होती.

रावयाचा धाकटा भाऊ मेतवल्ली, ज्याचा फर्निचरचा कारखाना होता, मशब्बक मिठाईचा डबा घेऊन समाचाराला आला तो हसतच.

"काय दाजी! इतकी वर्षं बायको सांभाळलीत, आता तिची शीरच अंगात घेतलीत?"

"नसा," फिक्री उशीवरून म्हणाला. "निसा नव्हे. शब्द वेगळा आहे. बायकांशी त्याचा—"

"असू दे हो. बारसं कधी तेवढं सांगा."

सासूबाई, हज करून आलेल्या हाज्जा तफीदा, डोक्यावरच्या काळ्या ओढणीचे टोक तोंडावर धरून हसल्या. रावयाही हसली. फिक्रीनेही हसून पाहिले. पण हसले की कळ थेट करंगळीपर्यंत जाते हे त्याला दोन क्षणांत कळले आणि ते त्याने पुन्हा केले नाही.

हसून झाल्यावर सल्ले सुरू झाले. मेतवल्लीचे मत ऑपरेशनचे होते. त्याच्या एका रंगाऱ्याने ते करून घेतले होते आणि पुढच्याच महिन्यात कपाटाला खांदा लावला होता. हाज्जांचे मत लोखंडाचे होते. शीर आहे म्हटल्यावर तिला शेपूट असणारच, आणि ते टाचेच्या मागे असते. तिथे तापलेली सळई टेकवली की शीर आखडते आणि वरचे दुखणे सोडून देते. त्यांच्या यजमानांचे, अल्लाह त्यांच्यावर दया करो, असेच दुखणे नदीपलीकडच्या अबू सुवेलमने एका डागात घालवले होते.

"ही शीर रक्ताची नाही, हाज्जा," फिक्री म्हणाला. "तो मज्जातंतू आहे. जुन्या लोकांना फरक माहीत नव्हता, म्हणून ते नाव पडलं. आणि यजमानांचं म्हणाल, तर डाग दिल्यानंतर बरं वाटलं म्हणजे डागामुळे बरं वाटलं असं होत नाही. ते तसंही बरं झालं असतं."

"तसंही?" हाज्जा म्हणाल्या. "मग तुझं का होत नाही रे बाळा तसंही?"

"होईल. थांबावं लागतं."

फिक्रीने वाचन केले होते, आणि वाचल्यावर त्याचे मत ठरले होते. गादी अशी फुगलेल्यांपैकी बहुतेकांना काही आठवड्यांत आपोआप उतार पडतो. फुगवटाही कालांतराने आकसतो. ऑपरेशनने पायाची कळ लवकर थांबते, हे खरे. पण वर्षअखेरीला ज्यांनी चिरून घेतले आणि जे थांबले त्यांच्यात फारसा फरक उरत नाही. प्रत्येक लेखाच्या शेवटी अपवादांची एक छोटी यादी असे. लघवी अडणे किंवा नकळत होणे. खोगिरावर बसल्यावर अंगाचा जो भाग टेकतो तिथे बधिरपणा. यांपैकी काही दिसले तर थांबायचे नाही, त्याच दिवशी धाव घ्यायची, नाहीतर जे जाईल ते परत येत नाही. फिक्रीने ही यादीही लक्षपूर्वक वाचली होती.

मणक्याचे सर्जन डॉक्टर बहगत यांच्याकडे जायचे होते त्या सकाळी तो संडासात बसला होता. दमयातच्या हिवाळ्यात धुण्याच्या फवाऱ्याचे पाणी असे असते की माणूस दचकून अर्धा उभा राहतो. फिक्री दचकला नाही. पाण्याचा आवाज येत होता, हात गारठला होता. पण पाणी जिथे लागायला हवे होते तिथे, डाव्या बाजूला, गार असे काहीच लागत नव्हते. गालाला भूल दिल्यावर दंतवैद्याचे बोट जसे लागते तसे, म्हणजे लागते एवढेच समजते, कसे ते समजत नाही.

दाराबाहेर रावया टॉवेल घेऊन उभी होती. त्याला एकट्याला उठणे जमत नसे. "पाणी फार गार आहे का रे?"

"बर्फ आहे नुसता," फिक्री म्हणाला.

मग त्याने विचार केला. शिरांच्या नव्या गोळ्या त्याने नुकत्याच सुरू केल्या होत्या; त्यांनी जाणीव मंद होते, हे वेष्टनातल्या कागदावर छापलेले होते. शिवाय एक निरीक्षण म्हणजे निरीक्षण नव्हे. ते पुन्हा पडताळले पाहिजे. हा विचार तर्काला धरून होता, आणि त्यामुळे त्याला बरे वाटले.

डॉक्टर बहगत यांच्या खोलीत तो, रावया, हाज्जा आणि मेतवल्ली असे सगळेच गेले. आजारी माणसाला एकट्याला आत पाठवणारे घर दमयातमध्ये अजून व्हायचे आहे. आधीच्या रोग्याचा मुलगा चिठ्ठीवरचे औषध विचारायला परत आला होता आणि टेबलाशी उभा होता. पुढच्या नंबरची बाई दारातूनच डोकावत होती, आणि दार लावायचे असते हे तिथल्या कंपाउंडरला कोणी सांगितलेले दिसत नव्हते.

डॉक्टरांनी पाय उचलून पाहिला, टाचेवर चालवले, पंजावर चालवले, गुडघ्याखाली हातोडी मारली. मग एमआरआय दिव्यासमोर धरून ते बराच वेळ पाहत राहिले.

"फुगवटा मोठा आहे," ते म्हणाले. "आणि मध्यभागाकडे आहे, ते मला आवडत नाही. पण चित्र बघून मी कोणाला टेबलावर घेत नाही. तुम्ही सांगाल त्यावर ठरेल. लघवीला काही त्रास? वेळ लागतो, जोर लावावा लागतो, झालेली कळत नाही, असं काही? बसायच्या जागी, मागे-पुढे, बधिर वाटतं का? आणि नवराबायकोच्या संबंधात काही फरक?"

औषध विचारायला आलेला मुलगा फिक्रीकडे पाहू लागला. तो त्याच्याच वर्गातून मागे पास होऊन गेला होता. मेतवल्लीच्या चेहऱ्यावर बारशाचा विनोद पुन्हा उमटू लागला होता, आणि तो दाबण्यासाठी त्याने मिशीवर हात ठेवला होता. हाज्जांनी ओढणी पुढे ओढून नजर भिंतीकडे वळवली, पण कान वळवता येत नाहीत.

"नाही," फिक्री म्हणाला. "काही नाही."

"नक्की?"

"डॉक्टरसाहेब, मी शास्त्राचा माणूस आहे. असतं तर सांगितलं असतं."

डॉक्टरांनी मान डोलावली. अशा माणसाशी बोलताना त्यांना हायसे वाटत असावे. "मग थांबू. व्यायाम लिहून देतो, गोळ्या चालू ठेवा. यातलं काहीही जाणवलं तर मात्र वेळ न घेता, थेट या."

बाहेर आल्यावर मेतवल्ली कुरकुरला, "एवढा मोठा डॉक्टर आणि म्हणतो थांबा! थांबायला डॉक्टर कशाला लागतो? मी सांगितलं असतं फुकट."

फिक्रीने त्याला पायऱ्या उतरताना, प्रत्येक पायरीवर दात आवळत, समजावून सांगितले की न कापणारा सर्जन हाच विश्वास ठेवण्याजोगा सर्जन असतो. युक्तिवाद बिनतोड होता.

पुढच्या दिवसांत निरीक्षण पडताळले गेले. बधिरपणा होता. तो उजव्या बाजूलाही आला. संडासात फिक्रीला वेळ लागू लागला. नळ सोडून, पाण्याच्या आवाजाची मदत घेऊन काम होई. त्याने दवाखान्यात फोन केला. तो कंपाउंडरने उचलला. मागे भरलेल्या बाकांचा गलबला ऐकू येत होता.

"नाव? उस्ताज फिक्री? हां, बायकांची शीरवाले! बोला, तक्रार काय?" तो ओरडूनच बोलत असे, कारण त्याशिवाय त्याला स्वतःचेच ऐकू येत नसे. "मोठ्यानं सांगा, डॉक्टरांना इथूनच विचारतो!"

"पाय दुखतोय," फिक्री म्हणाला. "पहिल्यासारखाच."

"पहिल्यासारखाच म्हणतायत! काय? तारखेला या म्हणाले."

त्याच आठवड्यात तो लोखंडाला तयार झाला. घरात कोणालाच याचे कारण कळले नाही. खरे तर कारणे दोन होती. एक म्हणजे डाग देऊन घे म्हणून चाललेले हाज्जांचे रडणे त्याला सहन होईना. दुसरे असे, की जे त्याला कोणालाही सांगता येत नव्हते त्याबाबत काहीतरी केले गेले पाहिजे, असे त्याला आतून वाटत होते. आणि अबू सुवेलम काही विचारत नाही, हे त्याने ऐकले होते. ते खरे निघाले. नदीपलीकडच्या एका ओसरीवर म्हाताऱ्याने त्याची टाच मांडीवर घेतली, अंगठ्याने चाचपली, 'बिस्मिल्लाह' म्हटले आणि सळई टेकवली. मांस जळल्याचा वास आला. फिक्रीला तिथे मात्र चांगलेच लागले.

"शाळेत मुलांना शिकवू नका हां दाजी हे," मेतवल्ली गाडी चालवताना म्हणाला. "नोकरी जाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी पायाची कळ गेली होती. कुल्ल्यापासून करंगळीपर्यंतची सबंध वाट शांत होती. हाज्जांनी गच्चीवर जाऊन जघरूता घातला, बायका लग्नात मारतात तशी लांबलचक किलकारी, आणि खाली तीन खिडक्या उघडल्या. शेजारणींनी विचारले, काय झालं? हाज्जा वरूनच म्हणाल्या, "लोखंड लागू पडलं! शास्त्रवाल्याला लागू पडलं!"

फिक्री पलंगावर बसून होता. मापनयंत्राचा काटा एकाएकी शून्यावर आला तर त्याचे अर्थ दोन असू शकतात, हे तो मुलांना दरवर्षी सांगे: मोजायची गोष्ट संपली असेल, नाहीतर यंत्र बंद पडले असेल. आधी यंत्र तपासावे. त्याने पाऊल वर उचलून पाहिले. ते नीट उचलले गेले नाही.

दुपारपर्यंत लघवी झाली नाही. संध्याकाळी पोट टरटरले तेव्हा रावयाला सांगण्यावाचून गत्यंतर उरले नाही. शेजारच्या मनसुरा शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेईपर्यंत मेतवल्लीने वाटेत एकही विनोद केला नाही. डॉक्टर बहगत तिथेच ऑपरेशन करत. त्यांनी नळी घालायला लावली, बोटांनी आणि सुईने तपासले, आणि मग सगळ्यांना बाहेर जायला सांगितले. लोक जात नव्हते, तेव्हा ते आवाज चढवून पुन्हा बोलले.

दार लागल्यावर त्यांनी विचारले, "केव्हापासून?"

"तुमच्याकडे पहिल्यांदा आलो त्या सकाळपासून."

डॉक्टरांनी सुई ट्रेमध्ये ठेवली.

"मी विचारलं होतं," ते म्हणाले.

"विचारलं होतं."

"त्या दिवशी सांगितलं असतं तर त्याच दिवशी घेतलं असतं तुम्हाला टेबलावर. आता गादी काढतो. दबाव जाईल. जे गेलंय ते कितपत परत येईल, मी सांगू शकत नाही. फारसं येईल असं मला वाटत नाही." मग, हातमोजे काढताना, "बाहेर काय सांगू?"

"एकाएकी झालं म्हणून सांगा," फिक्री म्हणाला.

"मी असं काही सांगणार नाही. मी ऑपरेशनबद्दल बोलेन. बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

ऑपरेशन यशस्वी झाले. नंतरच्या एमआरआयचे चित्र स्वच्छ निघाले. पायाची ताकद काही महिन्यांत बरीचशी परतली. बाकीचे परतले नाही. ठराविक वेळाने फिक्रीला न्हाणीघरात जाऊन एक बारीक नळी स्वतःच्या हाताने घालावी लागे. बिछान्यात तो आणि रावया दोघे एकमेकांना धक्का लागू न देण्याची काळजी घेत झोपू लागले.

कारण मात्र घरानेच शोधून काढले होते, आणि त्याला ते सांगण्याची गरजच पडली नाही. आदल्या दिवशी लोखंड, दुसऱ्या दिवशी हे. इस्पितळाच्या व्हरांड्यातच रावया आईवर तुटून पडली होती.

"तुझ्या लोखंडानं घालवलं माझ्या नवऱ्याला! डॉक्टर थांब म्हणत होते, तो थांबला होता! तू नाही थांबलीस!"

"पोरी, मी त्याच्या भल्यासाठी..."

"भल्यासाठी? जा इथून. माझ्या दारात पाय ठेवू नकोस."

मेतवल्ली दोन कारागिरांना घेऊन नदीपलीकडे गेला. त्यांनी अबू सुवेलमची शेगडी फोडली, सळया नदीत फेकल्या आणि म्हाताऱ्याला छातीवर हात लावून ढकलले. हे मेतवल्लीनेच येऊन सांगितले, थोड्या अभिमानाने. "तुमचा सूड घेतला, दाजी." फिक्रीने विचारले, म्हाताऱ्याला लागलं का? "पडला जरा," मेतवल्ली म्हणाला.

नंतर झाले म्हणजे त्यामुळे झाले असे नव्हे, हे वाक्य फिक्रीने वर्गात असंख्य वेळा लिहून घेतले होते. लोखंडाने पाय बरा केला नव्हता आणि लोखंडाने काही बिघडवलेही नव्हते. टाचेवर नाण्याएवढा एक डाग, याखेरीज त्याने काही केले नव्हते. हे सांगायला एक वाक्य पुरले असते. पण त्या वाक्यानंतर रावयाने विचारले असते, मग कशानं? आणि फवाऱ्याच्या त्या सकाळपर्यंत मागे जावे लागले असते. त्यामुळे तो गप्प राहिला. रावया त्याच्या गप्प राहण्याला मोठेपणा समजली. "माझ्या आईबद्दल एक वाईट शब्द काढला नाही त्यानं," असे ती फोनवर मैत्रिणीला सांगत असताना त्याने ऐकले. हाज्जा दोन गल्ल्यांपलीकडे एकट्या राहत. नातवंडांनाही तिकडे पाठवले जात नव्हते. त्या नीट जेवत नाहीत, वाळल्यात, असे कोणाकडून तरी येई आणि रावया ओठ आवळून भांडी घासू लागे.

ईदला मेतवल्लीने मध्यस्थी केली. सणाला तरी म्हातारीला घेऊ या, म्हणाला. रावया हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. नमाजानंतर तो आईला हाताला धरून घेऊन आला. हाज्जा खरोखर वाळल्या होत्या. त्या फिक्रीच्या समोरच्या खुर्चीवर टेकल्या, पूर्ण बसल्या नाहीत. ताटांची मांडामांड चालली होती, ती थांबली.

"बाळा," त्या म्हणाल्या. "तू शिकलेला आहेस. माझ्या डोळ्यांत बघून सांग. लोखंडानंच झालं का रे ते?"

रावया स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मेतवल्ली जमिनीकडे पाहत होता. फिक्रीला ठाऊक होते की उत्तर एका अक्षराचे नसले तरी फार लांबही नाही. आणि हेही ठाऊक होते की या बाईला रात्रंदिवस पोखरणारी गोष्ट खोटी आहे, आणि ती खोटी आहे हे सबंध दमयातमध्ये सांगू शकणारी माणसे दोनच आहेत. त्यांतला दुसरा मनसुराला ऑपरेशन करत असेल.

त्याने घसा साफ केला. वर्गात शंका विचारणाऱ्या मुलाला देतो तसे, शब्द तोलून, त्याने उत्तर दिले.

"अशा बाबतीत शास्त्र ठाम असं काही सांगू शकत नाही, हाज्जा."

हाज्जांनी मान खाली घातली. त्यांना काय समजायचे ते समजले.

"मला माफ कर," त्या म्हणाल्या. "मेल्यावर मला याचा जाब द्यायचाय. आत्ताच माफ कर, सगळ्यांच्या देखत."

"माफ केलं," फिक्री म्हणाला.

दारात रावयाने डोळ्यांना हात लावला आणि ती आईकडे धावली. मेतवल्ली मोठ्याने म्हणाला, "बघा, याला म्हणतात माणूस! शिकलेला माणूस!" त्या गडबडीत हाज्जांनी पुढे वाकून फिक्रीचा हात धरला आणि त्यावर ओठ टेकले. वयाने मोठ्या माणसाने हात चुंबायला घेतला तर तो झटकन मागे ओढून घ्यायचा असतो आणि अल्लाहची क्षमा मागायची असते. हे तिथल्या लहान मुलालाही शिकवावे लागत नाही. फिक्रीने हात ओढून घेतला खरा, पण तोवर हाज्जांचे ओठ टेकून झाले होते.